गाडी लागते का?

आईच्या पहिल्या केमोच्या रात्री मी उलट्या मोजल्या. संध्याकाळी सातपासून पहाटे साडेचारपर्यंत अकरा. पतसंस्थेत एकवीस वर्षं कॅश सांभाळते आहे, त्यामुळे मोजणं आणि लगेच लिहून ठेवणं हाताच्या सवयीचं झालंय. दोनशे पानी वहीत वेळ घालून लिहीत गेले. सात दहा. सात पन्नास. आठ पंचवीस. आठव्यानंतर पोटात काही उरलंच नव्हतं, नुसते उमासे यायचे आणि हिरवट पित्त पडायचं. स्तनाच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. उमासा आला की ती डाव्या बाजूला तळहात दाबून धरायची, टाके ओढले जातात म्हणून. उलटी झाली की चूळ भरून म्हणायची, "तू झोप गो."

चिपळूणला पाऊस कोसळत होता. २०२३ चा जुलै.

हॉस्पिटलमधून निघताना आम्हाला एक चिठ्ठी मिळाली होती. ऑनडॅनसेट्रॉनची गोळी, आणि पुढे लिहिलेलं: उलटी झाल्यास. आम्ही ते तसंच पाळलं. उलटी होईपर्यंत थांबलो. सात दहाला पहिली झाली, सव्वासातला गोळी दिली, सात पन्नासच्या उलटीत ती गोळी अर्धी विरघळलेली बाहेर पडली. रात्री दहाला हॉस्पिटलला फोन लावला तर पलीकडून उत्तर आलं, केमोत उलट्या व्हायच्याच, थोडं सोसावं लागतं. हॉस्पिटल कुठलं ते मी लिहीत नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, कारण ते खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उलट्या कमी झाल्या, आम्हाला वाटलं सुटलो. तिसऱ्या दिवशी मळमळ अशी चढली की तिला पाण्याचा वाससुद्धा सहन होईना. पाण्याला वास असतो हे मला तेव्हा कळलं. शेजारच्यांच्या घरात फोडणी पडली की ही उशीत तोंड खुपसायची. चौथ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत लघवी झाली नाही, तेव्हा आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी घरी येऊन दोन सलाईन लावली. आठवड्याअखेर वजन केलं. चोपन्नचे एक्कावन्न किलो. त्या संध्याकाळी आई दादाला म्हणाली, "कॅन्सर राहू दे मेला. मला ती लाल सुई परत नको."

लाल सुई म्हणजे डॉक्सोरुबिसिन, जुनं नाव ॲड्रियामायसिन. रंगच तसा आहे, कोकम सरबतासारखा. सोबत दुसरं औषध सायक्लोफॉस्फामाइड. दोन्ही मिळून एसी म्हणतात. दर एकवीस दिवसांनी एक, अशा चार सायकल ठरल्या होत्या आणि त्यानंतर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. म्हणजे आई "नको" म्हणाली तेव्हा चारातलं एकच झालं होतं. उलट्यांपायी माणूस उपचार सोडतो, हे मी ऐकलं होतं. आता ते आमच्या स्वयंपाकघरात बसून बोलत होतं.

तरी दादाने आणि वहिनीने समजूत घालून तिला दुसऱ्या सायकलला उभं केलं. त्या दिवशी डे-केअरला वेगळ्या डॉक्टर होत्या. तरुण, तीस-बत्तिशीच्या. मी वही पुढे केली. त्यांनी ती सगळी वाचली, पानं उलटून वाचली, आणि मग आईकडे खुर्ची वळवून विचारलं, "काकू, तुम्हाला गाडी लागते का?"

आईला प्रश्नच कळेना. कॅन्सरच्या डॉक्टरने गाडीचं काय विचारायचं?

आईचं माहेर पाटणचं. चिपळूणहून पाटणला जायचं तर कुंभार्ली घाट चढावा लागतो, आणि लग्न झाल्यापासून चाळीस वर्षांत असा एक प्रवास नाही की ज्यात तिला गाडी लागली नाही. एसटीत खिडकीची जागा, रुमालात कापलेलं लिंबू, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. आम्ही मुलं लहानपणी पैज लावायचो, घाटाच्या कितव्या वळणावर. ती हे सगळं सांगायला लागली. डॉक्टर ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आणि बाळंतपणात?"

"हिच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "अन्न बघवत नव्हतं."

डॉक्टरांनी केसपेपरवर चार शब्द लिहिले आणि मग आम्हाला समजावलं. केमोत कुणाला किती उलट्या होतील, याचा बराचसा अंदाज आधी बांधता येतो. सगळ्यात मोठा वाटा औषधाचा. सिस्प्लॅटिन किंवा आईचं एसी ही सर्वात जास्त उलट्या करणाऱ्यांच्या गटातली, पॅक्लिटॅक्सेल बरंच सौम्य. त्यावर माणसाचा स्वभावधर्म. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त त्रास होतो, तरुणांना म्हाताऱ्यांपेक्षा जास्त. ज्यांना गाडी लागते, ज्यांना गरोदरपणात खूप उलट्या झाल्या, त्यांना जास्त. नियमित दारू पिणाऱ्यांना मात्र कमी होतात, हे ऐकून आई बघतच राहिली. म्हणजे तिच्या बाबतीत वय सोडलं तर एकही गोष्ट तिच्या बाजूची नव्हती. आणि पहिल्या वेळी हे दोन प्रश्न आम्हाला कुणी विचारलेच नव्हते. दोन प्रश्न, दोन मिनिटं.

मग त्यांनी केसपेपर उलटा करून मागे चित्र काढलं. एक पोट, एक डोकं, मध्ये दोन रेघा. केमोचं औषध अंगात गेलं की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. ते तिथल्या मज्जातंतूला चेतवतं आणि निरोप मेंदूतल्या उलटीच्या केंद्रापर्यंत जातो. पहिल्या चोवीस तासांतल्या उलट्या मुख्यतः या रस्त्याने येतात. ऑनडॅनसेट्रॉन हा रस्ता अडवतं. दुसरा रस्ता मेंदूतला, सबस्टन्स-पी नावाच्या रसायनाचा. दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत जो त्रास चालतो, त्यात याचा हात मोठा, आणि तिथे एकट्या ऑनडॅनसेट्रॉनचं फारसं चालत नाही. तिथे लागतं ॲप्रेपिटंट. माझ्या वहीतला तिसरा दिवस दाखवून त्या म्हणाल्या, "हे बघा, हा दुसरा रस्ता उघडा राहिला होता."

मला राग आला. आजही लिहिताना येतो. ऑनडॅनसेट्रॉनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९१ मध्ये, ॲप्रेपिटंटला २००३ मध्ये. आईला पहिली केमो दिली तेव्हा ॲप्रेपिटंट वीस वर्षं जुनं झालं होतं आणि आपल्याकडच्या मेडिकलमध्ये मिळत होतं. ती रात्र कुठल्या शोधाची वाट बघत नव्हती.

दुसऱ्या सायकलला तयारी अशी झाली. केमोच्या तासभर आधी ॲप्रेपिटंटची १२५ मिलिग्रॅमची कॅप्सूल, मग ८० च्या दोन, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी. ऑनडॅनसेट्रॉनऐवजी पॅलोनोसेट्रॉनचं इंजेक्शन, कारण ऑनडॅनसेट्रॉन काही तासांत उतरतं आणि याचा अंमल दोन-तीन दिवस टिकतो. डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड सलाईनमधून. आणि रात्री झोपताना ओलान्झापिनची ५ मिलिग्रॅमची गोळी, चार रात्री. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'उलटी झाल्यास' हे शब्द कुठेच लिहिले नाहीत. प्रत्येक गोळीसमोर वार आणि वेळ. त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं: बरं वाटत असलं तरी द्यायची. उलटी यायच्या आत औषध पोटात आणि रक्तात असलं पाहिजे. एकदा उलट्यांचं चक्र सुरू झालं की ते थांबवायला दुप्पट औषध घालूनही हाती फार काही लागत नाही.

ही गोष्ट आईच्या पिढीच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. "काही होत नाहीये तर गोळी कशाला? आधीच एवढी औषधं." दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॅप्सूल घेईना. मी पतसंस्थेतून फोन केला, तरी घेईना. शेवटी वहिनीने तिला वहीतलं सायकल एकचं पान वाचून दाखवलं. मग घेतली.

ओलान्झापिनवरून वेगळंच झालं. मेडिकलवाला ओळखीचा. गोळ्या देताना त्याने हळूच विचारलं, "ताई, ही गोळी डोक्याच्या आजारावरची असते. आई ठीक आहेत ना?" घरी पुतण्याने मोबाईलवर शोधलं तर स्किझोफ्रेनिया. दादा म्हणाला, ही द्यायची नाही. मी डॉक्टरांना मेसेज केला, त्यांनी रात्री साडेनऊला स्वतः फोन करून सांगितलं की हो, मूळ औषध मानसिक आजाराचंच आहे. पण उलटीला चेतवणाऱ्या कितीतरी रसायनांची दारं ते एकाच वेळी बंद करतं, म्हणून थोड्या डोसमध्ये, थोडे दिवस केमोला देतात, आणि मळमळीवर इतर औषधांपेक्षा याचा गुण जास्त येतो. जे घर ही गोळी गुगलवर बघून फेकून देईल, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. फेकू नका, विचारा.

त्या सायकलला आईला उलट्या झाल्या दोन. अकराच्या जागी दोन, आणि त्या पाच दिवसांत मिळून.

पण औषधांनी आपली किंमत वसूल केली, तेही सांगायला हवं. ओलान्झापिनने आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गुंगीत होती. सकाळी उठून न्हाणीत जाताना तोल गेला, वहिनीने धरलं म्हणून बरं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी डोस निम्मा केला, अडीच मिलिग्रॅम. गुंगी उतरली, आणि मळमळ तेवढीच आटोक्यात राहिली. पुढे २०२४ मध्ये वाचनात आलं की मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ओलान्झापिनचं जवळपास हेच तपासलं गेलं होतं: १० मिलिग्रॅम आणि २.५ मिलिग्रॅम. लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. उलट्या रोखण्यात छोटा डोस मोठ्याच्या मागे पडला नाही आणि दिवसाची झोप पुष्कळ कमी झाली. आपल्या परळच्या हॉस्पिटलातून जगभरच्या रुग्णांच्या कामाची गोष्ट निघाली याचं मला फार अप्रूप वाटलं, कारण न्हाणीच्या दारातला तो तोल मी पाहिला होता.

डेक्सामेथासोनने साखर चढते. आईला मधुमेह. दुसऱ्या दिवशी ग्लुकोमीटरवर २९० आले आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. हेही वहीत लिहिलं होतं म्हणून पुढच्या सायकलला डेक्सा फक्त पहिल्या दिवसापुरतं ठेवलं. आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. ही उलटी थांबवणारी इंजेक्शनं पोटही बांधतात. सहाव्या दिवशी आई म्हणाली पुन्हा ढवळतंय. मी आणखी गोळी शोधायला लागले. वहिनीने विचारलं, "आई, पोट साफ कधी झालं होतं?" चार दिवस झाले होते. त्या मळमळीचं कारण केमो नव्हतंच. पुढच्या वेळेपासून पहिल्या रात्रीपासूनच पोट साफ होण्याचं औषध चिठ्ठीत आलं.

मळमळ आणि उलटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या वहीने शिकवलं. डॉक्टर विचारतात, उलट्या झाल्या का? पेशंट म्हणतो, नाही. आणि दिवसभर घशाशी आलेलं ते गिळत बसलेला असतो. उलटी दिसते, मोजता येते. मळमळ सांगावी लागते, आणि माझ्या आईसारख्या बायका सांगत नाहीत. "बरी आहे" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. दहापैकी किती, असं डॉक्टरांनी विचारलं तर तिला ते जमेना. मग तिनेच तोड काढली, आण्यांत. "आज चार आणे." "काल बारा आणे होती." सोळा आणे म्हणजे पाण्याचा घोटही नको. मी वहीत एक रकाना आण्यांचा वाढवला. डॉक्टरांनाही तो पटला. तिसऱ्या सायकलला त्या वही उघडून आधी तोच रकाना बघायच्या.

खाण्याबद्दल सगळे सल्ले देतात, मी माझ्या चुका सांगते. पहिल्या केमोच्या सकाळी मी पहाटे उठून घावने केली होती, सोबत ओल्या नारळाचा गूळ घातलेला रस. तिचं सर्वात आवडतं. पोटभर खाऊन जाऊ दे, आवडीचं खाऊ दे. त्या रात्री तेच सगळं बाहेर पडलं. त्यानंतर दीड वर्ष घावनाचं नाव काढलं तरी तिचा चेहरा बदलायचा. हे केवळ तिच्या मनाचे खेळ नाहीत. १९७८ साली अमेरिकेत सिएटलमध्ये इलीन बर्नस्टीन नावाच्या संशोधिकेने केमो घेणाऱ्या मुलांना औषधाच्या आधी एका नव्याच चवीचं आइस्क्रीम दिलं होतं. पुढे त्या मुलांनी ते आइस्क्रीम नाकारलं. शरीर उलटीचा आळ शेवटच्या खाल्लेल्या पदार्थावर घेतं आणि तो विसरत नाही. म्हणून केमोच्या दिवशी आवडीचं काही करू नका. ज्यावर जीव नाही असं साधं, थोडं द्या. आमच्याकडे मग त्या दिवशी टोस्ट आणि साळीच्या लाह्या.

गरम अन्नाचा वास जास्त येतो, गार झालेल्याचा कमी. म्हणून पेज निवत ठेवून द्यायची, मीठ घालून, एका वेळी अर्धी वाटी, दर दोन तासांनी. पाणी जेवताना नाही, मधल्या वेळात चमच्याने. स्टीलचा चमचा तोंडाला धातूसारखा लागायचा, तो बदलून लाकडी आणला. फोडणी त्या दिवसांत शेजारच्या काकूंच्या ओट्यावर, त्यांनी आपणहून सांगितलं. आल्याच्या वड्या ती चघळायची, लिंबू हुंगायची, तिला बरं वाटायचं. त्याने गोळी चुकवायची मात्र मी परवानगी दिली नाही. आणि घाट. पहिल्या वेळी केमो संपल्यावर दोन तासांत आम्ही तिला घाटातून खाली आणली होती. ज्या बाईला निरोगीपणी त्या वळणांवर उलटी होते, तिला. दुसऱ्या वेळेपासून तीन रात्री पाटणला मामाकडे मुक्काम. मामी म्हणायची, चाळीस वर्षांत ही माहेरी इतकी राहिली नव्हती.

काही गोष्टींत मात्र घरगुती काही करत बसू नका. चोवीस तास पाणीही ठरत नाही, लघवी कमी आणि गडद होते, उलटीत रक्त दिसतं, उठलं की भोवळ येते, अशा वेळी सकाळची वाट न बघता जायचं. आणि केमोनंतर ताप १००.४ च्या वर गेला तर उलटी असो नसो, त्याच क्षणी, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटून पडली तर पुन्हा द्यायची का, हे आधीच विचारून ठेवा. मी रात्री दहाला विचारत होते. लघवी लाल झाली तर घाबरू नका एवढं मात्र सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो लाल सुईचाच रंग, दिवस-दोन दिवसांत जातो.

तिसऱ्या सायकलच्या आधी एक गोष्ट घडली. हवा दमट होती, शेजारच्या काकू मोठ्या मायेने कोकम सरबताचा पेला घेऊन आल्या. स्टीलचा नाही, काचेचा. आईने तो हातात घेतला, उजेडात त्याचा रंग बघितला आणि पेला खाली ठेवायच्या आत तिला उलटी झाली. केमो अजून चार दिवस लांब होती. अंगात औषधाचा थेंब नव्हता. नुसता रंग. काकू बिचाऱ्या रडवेल्या झाल्या.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, पहिली सायकल नीट गेली असती तर बहुधा हे झालं नसतं. शरीर शिकतं. हॉस्पिटलचा वास, स्पिरिटचा बोळा, त्या औषधाचा रंग, कशाशीही ते उलटी जोडून ठेवतं, आणि एकदा जोडलं की उलटीची औषधं तिथे फारशी पोचत नाहीत. त्यांनी आदल्या रात्री आणि त्या सकाळी घ्यायला मन शांत करणारी एक छोटी गोळी दिली. सिस्टरांनी लाल औषधाच्या सिरिंजवर हिरवा कपडा टाकला आणि आईला खिडकीकडे तोंड करून बसवलं. मी तिला पाटणच्या शाळेतल्या गोष्टी विचारत राहिले. ती सायकल चार आण्यांवर निभावली. चौथी सहा आण्यांवर.

पॅक्लिटॅक्सेलच्या बारा सुयांत उलटी एकही नाही. पायांना मुंग्या आल्या, तो वेगळा विषय.

वही आता माझ्याकडे नाही. पतसंस्थेतल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना सिस्प्लॅटिन सुरू होणार होतं, त्याने मागून नेली. मी त्याला पहिल्या पानावर दोन प्रश्न लिहून दिले, डॉक्टरांनी विचारले नाहीत तर स्वतः सांगायला. मागच्या रविवारी त्याचा फोन आला होता, तिसरा दिवस, वडिलांनी अर्धी भाकरी खाल्ली म्हणून.

आईने गेल्या गौरी-गणपतीत स्वतः तांदूळ भिजत घालून घावने केली. दीड खाल्लं. आमटीत आमसूल चालतं. सरबताचा पेला मात्र अजून कुणी तिच्यासमोर धरत नाही.